सर्जेरावांचं नाटक

“माझा एक लाल देशासाठी गेला,” मी म्हटलं. “म्हणा आता, आत्या.”

“माझा एक...” आत्या सोऱ्या दाबता दाबता थांबल्या. “पुढं काय गं?”

“लाल.”

“लाल?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तो शब्द जणू मीच माहेराहून आणला होता. “जन्मात कधी मी त्याला लाल म्हटलं न्हाय. बरा वागला तर सर्ज्या, न्हायतर मुडद्या. गाव हसंल की.”

“गुरुजींनी तसंच लिहून दिलंय.”

“गुरुजींचं काय जातंय लिव्हायला! तू चीक वाढ आधी. गार झाला तर सोऱ्यातनं उतरायचा न्हाय.”

अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून आम्ही कुरडया घालत होतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई फडतरे. आमच्या खडकवड्याला सासूला आत्याच म्हणतात. आणि सर्ज्या म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, सर्जेराव. माझे हे. आदल्या आषाढात कारगिलच्या लढाईत गेले. तेव्हा मला सातवा महिना होता. आता चैत्र आला होता, आणि सात महिन्यांची माझी लेक त्याच अंगणात, कुरडयांच्या पलीकडे, कावळ्याला हात दाखवत पडली होती.

चैत्रात भैरोबाची जत्रा. जत्रेला गावची पोरं नाटक करतात, हे आमच्याकडे आजे-पणज्यांपासून चालत आलेलं. नाटक बसवायचे लोहार गुरुजी. एरवी त्यांची नाटकं म्हणजे दोन बायकांचा दादला, तोतरा सावकार, असली. लोक पोट धरून हसायचे. त्या साली मात्र गुरुजींनी दाढी वाढवली, शाळेतून आले की दार लावून घ्यायला लागले, आणि ‘वीरपुत्र सर्जेराव’ हे तीन अंकी नाटक लिहून बाहेर आले. त्यात एकही विनोद नव्हता.

गावात दुसरा विषयच नव्हता म्हणा. आमचं गाव फौजेतल्यांचं. वेशीतल्या शिळेवर विलायतेच्या लढाईपासूनची नावं कोरलेली. पण ती नावं पणजोबांची, कुणी बघितलेली नाहीत. सर्जेरावांना सगळ्यांनी बघितलं होतं. विहिरीत उड्या मारताना, चावडीपुढे कबड्डी खेळताना. त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, नाटकात आपणही कुठेतरी असावं. फक्त शत्रू व्हायला कुणी तयार होईना. शेवटी तालमीतल्या पैलवानांना जत्रेच्या कुस्तीतली पहिली जोड कबूल केली, तेव्हा ते शत्रू झाले. मुलाण्याच्या सलीमला गुरुजींनी मुद्दाम आपल्या बाजूचा कॅप्टन केलं. “तो शत्रू झालेला मला चालायचा नाही,” म्हणाले, “आणि उंचीही चांगली आहे.”

सर्जेरावांचं काम माझ्या धाकट्या दिरानं, अंकुशभाऊजींनी करायचं हे न बोलताच ठरलं होतं. एकोणीस वर्षांचं पोर, पण चेहरा भावाचाच. टोपी घातली की मी मान फिरवायचे.

आणि तिसऱ्या अंकात सर्जेराव पडले, की पडदा, आणि मग साखर कारखान्याच्या भाऊसाहेबांच्या हस्ते वीरमातेचा सत्कार. सत्काराला उत्तर म्हणून आत्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी त्यांना शिकवत होते.

“माझा एक लाल देशासाठी गेला, दुसराही मी भारतमातेच्या चरणी अर्पण करते.”

“दुसराही...” आत्या म्हणाल्या. “मग?”

“भारतमातेच्या चरणी.”

“बसत न्हाय गं तोंडात. ऱ्हाऊ दे आज. उद्या.”

गावातल्या कुठल्या लग्नात कुणाला कसलं लुगडं नेसवलं, आणि त्याचा काठ किती बोटं होता, हे चाळीस वर्षांमागचं सांगणारी ही बाई. तिला एक वाक्य पाठ होत नव्हतं. मला वाटलं, यंदा खरंच खचल्या.

*

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः घरी आले. पुढे ते आमदार झाले. तेव्हा साखर कारखान्याचे नुसते संचालक होते, आणि विधानसभेला एकदा सपाटून पडलेले. भाऊसाहेब बोलायला उभे राहिले की माणसं उठून जायला चपला शोधायची. पण सर्जेरावांची पेटी गावात आली त्या दिवशी त्यांनी वेशीपासून ओढ्यापर्यंत खांदा दिला, सरणापुढे हात जोडले, चार वाक्यं बोलले आणि पाचव्याला रडले. खरंच रडले. पंचक्रोशीतली सगळी माणसं उभी होती. त्या दिवसापासून भाऊसाहेब दुसरेच झाले. आवाजसुद्धा खालच्या पट्टीत उतरला.

आले, ते कुरडयांच्या बाजेशेजारी जमिनीवरच बसले. आत्यांनी त्यांना वाटीत गरम चीक दिला, वर दूध-साखर.

“आक्का, वाक्य झालं का पाठ?”

“हुतंय बघा हळूहळू.”

“तुम्ही एवढं बोललात ना आक्का, तर सगळा तालुका उभा राहील.”

“बसल्याला काय हुतंय तालुक्याला?”

भाऊसाहेब मोठ्यानं हसले. मग वाटी खाली ठेवून म्हणाले, “आक्का, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? सर्जेरावाच्या पेटीला खांदा दिला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की माणसं माझ्याकडं बघतायत. त्या पोरानं मला माणसात आणलं. त्याचं नाव तालुक्यात राहिलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.”

“ऱ्हाऊ दे की,” आत्या म्हणाल्या. “त्याला कोण नगं म्हणतंय?”

“आणि अंकुशची भरती जत्रेनंतरच्या बुधवारी. कोल्हापूरला. मी साहेबांशी बोललोय. पळण्यात तर तो पयला येतोच.” त्यांनी खिशातून जत्रेचं हँडबिल काढलं. त्यावर सर्जेरावांचा वर्दीतला फोटो, खाली अंकुशभाऊजींचा लहान फोटो, आणि मधे जाड अक्षरात: ‘एक पुत्र अर्पण, दुसरा सज्ज!’

आत्यांनी हँडबिल हातात धरलं. त्यांना वाचता येत नाही. दोन्ही फोटोंवरून अंगठा फिरवला आणि कागद माझ्याकडे दिला.

“अंक्याचा फोटो बारीक का छापला?” त्यांनी विचारलं.



*

त्याच संध्याकाळी मी धारेला गोठ्यात गेले, तर अंकुशभाऊजी गव्हाणीवर बसलेले. साताऱ्याच्या ड्रेपरीवाल्यानं पाठवलेली नाटकाची वर्दी अंगात, आणि बटणं उघडी.

“तालमीला गेला नाही?”

“जातो.” त्यांनी म्हशीपुढं वैरण सारली. “वहिनी, एक सांगू? आईला बोलायचं न्हाय.”

“काय?”

“दादाची शपथ घ्या.”

मृत माणसाची शपथ घेऊ नये म्हणतात. पण मी घेतली.

“मला भरतीला जायचं न्हाय.”

म्हशीनं शेपूट मारलं. मी चरवी खाली ठेवली.

“भीती वाटते?”

“ते बी मला कळंना. भ्याव असंल, न्हाय असं न्हाय. पण त्यापेक्षा... वहिनी, दादाला ते आवडायचं. बूट पालिश करतानासुद्धा शिट्टी वाजवायचा, आठवतंय? मला नाय आवडत. मला आयटीआयला जायचंय. मोटारीचं वाइंडिंग शिकायचं. आपल्या विहिरीवरली जळली होती ती मी उघडली, आत तांब्याचं ते सगळं बघितलं, आणि मला वाटलं, आयला, हेच!”

त्यांचा चेहरा उजळला होता. मग वर्दीकडे बघून परत विझला.

“मग आत्यांना सांगा.”

“कसं सांगू? तिला वाटंल, एक वाघ निघाला आणि एक शेळी. गावात आता न्हाय म्हणायला जागा तरी हाय का? रस्त्यानं चाललो तर म्हातारी माणसं सलाम ठोकत्यात. मला! मी काय केलंय?” त्यांनी बटणं लावायला घेतली. “आई एकदा माईकवर बोलली की मग संपलंच. आईचा शब्द मोडून आयटीआयला गेलो, तर ह्या गावात पाणी बी कोण देणार न्हाय.”

वाक्य मीच शिकवत होते, आणि शपथही मीच घेतली होती. मनात म्हटलं, पाठच नाही झालं तर बरं होईल.

म्हणून मग मी दोन दिवस वाक्याचा विषयच काढला नाही. तर तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आत्याच म्हणाल्या, “का गं, शिकवणी बंद केलीस?”

“तुम्हाला नको वाटतंय, म्हणून.”

“तुला बी नगंच वाटतंय की.”

मी दचकून बघितलं. त्या परातीत पीठ मळत होत्या. मी म्हटलं, “आत्या, तुम्हाला... खरंच द्यायचेत का भाऊजी?”

त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. “आगीला लाकूड सार,” म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

*

भाऊसाहेबांना नाटक उरकून पुढच्या गावाला जायचं होतं, म्हणून त्या वर्षी पडदा दिवेलागणीलाच उघडायचा ठरला. शाळेपुढच्या पटांगणात स्टेज, शाळेचा दुसरीचा वर्ग म्हणजे मेकअपची खोली. सत्काराला बोलावलं की लगेच वर जाता यावं, म्हणून गुरुजींनी आत्यांना आणि मला विंगेतच दोन खुर्च्या दिल्या होत्या.

बायकांची कामं करायला मिरजेहून दोघीजणी आल्या होत्या. बेबीताई आईच्या कामाला, आणि शोभा माझ्या. शोभा माझ्याच वयाची. वर्गातल्या बाकावर बसून ती कुंकू पुसट लावत होती. मला बघून उठली.

“तुम्हीच ना ताई? बसा. राग मानू नका, एक विचारू?” तिनं आवाज खाली आणला. “तुम्ही तेव्हा कशा रडलात? कपाळ बडवून, का नुसत्या बसलात? मला तसं करता येईल.”

मी आठवायला लागले. “मला सातवा होता. निम्म्या बायका म्हणत होत्या, रडू नको, बाळाला लागेल. निम्म्या म्हणत होत्या, रड, नाहीतर आत गाठ बसेल.”

“मग?”

“मग मी दोन्ही बाजूंचं ऐकलं. थोडी थोडी रडले.”

शोभानं माझ्या लेकीच्या गालावर तीट लावलं, तिच्या पेटीतल्या काळ्या पेन्सिलीनं. “हे स्टेजवर दाखवता यायचं नाही, ताई,” म्हणाली. “मी आपली कपाळ बडवते.”

नाटक रंगलं. पहिल्या अंकात सर्जेराव रजेवर घरी आले, बेबीताईंनी त्यांना चांदीच्या ताटात निरांजन घेऊन ओवाळलं, आणि आत्या माझ्या कानात म्हणाल्या, “ही कुण्या गावची रीत म्हणायची?” दुसऱ्या अंकात बोलावणं आलं. तिसऱ्यात डोंगर. गोणपाटाला चुना फासून केलेला बर्फाचा डोंगर इतका चांगला झाला होता, की लोकांनी नुसत्या डोंगरालाच टाळ्या दिल्या.

मग गोळ्या. पहाटेपासून जपून ठेवलेले लवंगी फटाके विंगेत फुटायला लागले. माझी लेक रडायला लागली, म्हणून मी तिला पदराखाली घेतलं. सलीम कॅप्टन ओरडला, “सर्जेराव, मागे या!” अंकुशभाऊजी ओरडले, “साहेब, फडतऱ्याचं पाऊल मागं पडत नसतं!” माझे हे असं म्हणाले असते, असं मला वाटत नाही. पण पटांगणात काटा आला, तो मला विंगेतून कळला. भाऊजींनी छातीवर हात मारला, शर्टाखालची कुंकवाच्या पाण्याची पिशवी फुटली, आणि झेंडा रोवून ते झेंड्याच्या पायाशी आडवे झाले.

शांत. माणसांनी भरलेलं पटांगण, पण कुणाचं पोर खोकलंसुद्धा नाही.

आत्यांचा हात माझ्या मनगटावर होता. तो जड झाला होता, एवढंच.

आणि मग मागून, पारावरून, कुणीतरी गळा फाडून ओरडलं, “वन्स मोअर!”

आमच्याकडे वन्स मोअर गाण्याला मिळायचा. तोतऱ्या सावकाराला मिळायचा. लोकांना जे आवडलं, त्याला काय म्हणायचं हे त्यांना तेवढंच ठाऊक होतं. आणि सर्जेराव त्यांना आवडले होते. बघता बघता सगळं पटांगण उठलं. “वन्स मोअर! वन्स मोअर!” बाप्ये डोळे पुसत होते आणि ओरडत होते. पुढच्या खुर्चीत भाऊसाहेबांचेही डोळे भरलेले. त्यांनी गुरुजींकडे बघून एक बोट वर केलं. पुन्हा.

गुरुजी समोरच्या विंगेत गोंधळून उभे होते. नाटक त्यांनी लिहिलं होतं, पण हे लिहिलं नव्हतं. मग त्यांनीही मान हलवली. मेलेले पैलवान उठले, अंगावरचा चुना झटकला, डोंगरामागे गेले. सलीमनं टोपी सरळ केली. भाऊजींनी गुरुजींकडून कुंकवाची दुसरी पिशवी घेतली आणि शर्टात सारली.

दुसऱ्यांदा ते आणखी चांगले मेले. लोकांनी आणखी मोठ्यानं वन्स मोअर घातला.

तिसऱ्यांदा मेले तेव्हा पिशवी फुटली नाही. ते झेंड्यापाशी पडले, एक हात अंगाखाली मुडपून, गुडघे पोटाशी घेऊन. डोळे उघडेच होते. विंगेकडे, आमच्याकडे बघत होते.

“वैजू,” आत्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “दोन डाव सर्ज्या मेला. ह्या डावाला अंक्या मेला गं.”

“आत्या—”

“हात अंगाखाली घिऊन अंक्या निजतो. सर्ज्या पालथा निजायचा.”

*

पडदा पडला, पुन्हा उघडला. स्टेजवर खुर्च्या मांडल्या. भाऊसाहेब बोलले, आणि छान बोलले. मग त्यांनी आत्यांच्या हातात साडी-चोळी आणि नारळ दिला, वाकून पायाला हात लावला, आणि माईक त्यांच्यासमोर धरला.

“आता वीरमाता हौसाबाई आपल्याला दोन शब्द सांगतील.”

मी आत्यांच्या दंडाला धरून उभी होते. अंकुशभाऊजी कडेला, रंगानं भिजलेल्या शर्टात, खाली मान घालून. मला त्यांचे बूट दिसत होते. आत बोटं आवळली, की चामडं हलायचं.

आत्यांनी नारळ पदरात घेतला. विंगेतून गुरुजी कुजबुजले, “माझा एक लाल...” माईकनं तेही उचललं. लोक हसले.

आत्या वळल्या. “गुरुजी, पाठ हाय मला.”

आणि माईककडे तोंड करून त्यांनी एका दमात, एकही शब्द न अडखळता म्हटलं, “माझा एक लाल देशासाठी गेला, दुसराही मी भारतमातेच्या चरणी अर्पण करते.”

भाऊजींनी डोळे मिटले. पटांगण टाळ्यांना उठणार, तेवढ्यात आत्यांनी हात वर केला.

“आसं म्हणायला सांगितलंय मला. सूनबाईनं शिकवलं. पयल्या दिशीच पाठ झालं हुतं. पर म्हणवंना.”

टाळ्या हातातल्या हातात राहिल्या.

“पोरगं म्हंजी काय वाणवळा हाय व्हय, शेजारी दिऊन टाकायला? पयल्या वांग्याचा, पयल्या शेंगांचा दित्यात तसा? सर्ज्याला मी दिला न्हवता. खरं सांगते. मी तर त्याची ट्रंक लपवली हुती. ह्याच पारामागं हुडकली त्यानं, आन् मला हसत हसत गेला. त्याला फौजेचं येड हुतं. त्याच्या मनानं गेला, त्याच्या मनानं लढला. त्यानं क्येलं त्ये लई मोठं क्येलं. पर त्ये त्याचं हाय. त्याचं मोठेपण काढून माझ्या पदरात नका घालू. त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला.

“आन् अंक्याचं म्हणाल, तर त्याला काय हुयाचं हाय त्ये मला ठावं न्हाय. मी इचारलंच न्हाय अजून. तुमच्यापैकी कुणी इचारलंय?”

भाऊसाहेबांच्या हातात माईक तसाच होता. त्यांनी तो मागे घेतला असता, ‘भारतमाता की जय’ म्हटलं असतं, तर सगळं संपलं असतं. बँडवाले तयारच होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो हात हलला नाही.

“बसू का आता?” आत्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. “न्हाय, एक ऱ्हायलं. तुम्ही सगळ्यांनी मगाशी वन्स मोअर क्येला. नाटक बघणाऱ्यानं करायचा आसतो त्यो. मी बी नाटक बघितलंय. माझा एक हाय.”

“कशाला, आक्का?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“पयल्या अंकात त्यो रजेवर घरला येतो. तेवढं परत करा.”

गुरुजींनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी खाली बघितलं, नाक पुसलं आणि म्हणाले, “होऊ द्या, गुरुजी.” आणि स्वतःची खुर्ची उचलून कडेला नेली.

घराचा पडदा परत सोडला. बेबीताई चांदीचं ताट घेऊन आल्या. आत्या म्हणाल्या, “बाई, तू जरा बाजूला हो. वैजू, भाकरीचा तुकडा बघ.”

स्टेजवर भाकरी कुठली? मी इकडेतिकडे बघायला लागले. शोभा मेकअपच्या खोलीत धावत गेली आणि स्वतःच्या जेवणातला कोर घेऊन आली, पाण्याच्या तांब्यासकट.

अंकुशभाऊजी पलीकडच्या विंगेतून ट्रंक घेऊन आले. वर्दीवर सगळा लाल रंग, आणि रजेवर घरी निघालेले.

“थांब,” आत्या म्हणाल्या. “उंबऱ्यात थांब. आत यिऊ नगं.”

उंबरा नव्हता. पण ते जिथं होते तिथं थांबले. आत्यांनी भाकरतुकडा आणि पाणी त्यांच्यावरून उतरवलं, चेहऱ्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश, आणि तुकडा मोडून दोन्ही बाजूंना टाकला. त्यांचे डोळे पाण्यानं धुतले. चेहऱ्यावरचा रंग ओघळला आणि आत भाऊजी दिसायला लागले.

“आई, मी आलो!” गुरुजींनी विंगेतून आठवण केली.

भाऊजींचे ओठ हलले. पण बाहेर आलं ते दुसरंच. “आई, मला मोटारीचं वाइंडिंग शिकायचंय.”

“मग शीक की,” आत्या म्हणाल्या. “त्यापायी एवढं रगत कशाला सांडत बसलास, मुडद्या?”

ते हसले का रडले, मला सांगता यायचं नाही. नंतर त्यांनी तेच शिकून घेतलं. फाट्यावर त्यांचं दुकान आहे आणि चांगलं चालतं. आणि भाऊसाहेब आमदार झाल्यावर त्यांच्या प्रत्येक भाषणात सर्जेराव असायचे. आत्यांचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही, आणि मला ते त्यांचं शहाणपण वाटतं.

पण त्या संध्याकाळी अजून संपलं नव्हतं. मग बायकांच्या बाजूनं, कुणा म्हातारीचा बारीक आवाज आला. “वन्स मोअर.”

बायका कधी वन्स मोअर घालत नाहीत. आमच्याकडे तरी नाही. पण एकीनं घातला, मग दुसरीनं. ओरडून नव्हे, नुसतं म्हटल्यासारखं. प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी कुठल्या तरी डोंगरावर होतं. भाऊजींनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी शोभापुढे हात केला, दुसऱ्या तुकड्यासाठी. भाऊजींनी ट्रंक उचलली आणि परत यायला विंगेत गेले.

किती वेळा आले, ते मी मोजलं नाही. भाकरी संपल्यावर कुणी प्रसादाचा नारळ फोडून दिला. लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. ट्रंक मात्र खरी होती, यांचीच, नाटकासाठी घरून आणलेली, आणि तिची एक कडी सैल होती. दर वेळी आधी पडद्यामागून ती कडी वाजायची. मग पाऊल. मग माणूस दिसायचा.

कडी वाजायची आणि पाऊल पडायचं, त्याच्या मधे थोडासा वेळ असायचा. तेवढ्या वेळात कोण येतंय ते ठरलेलं नसायचं. मी तेवढाच वेळ बघत होते.